विमान बदलायचंय: आतूनच, की बाहेर येऊन?

इंदूरहून परदेशी निघालं की मधे कुठेतरी विमान बदलावंच लागतं. आखाताकडे जाणारी एखादी थेट सेवा सोडली, तर लंडन असो, फ्रँकफर्ट असो की शिकागो, आपला रस्ता आधी मुंबईला, दिल्लीला नाहीतर बेंगळुरूला जातो. तिकीट हाती आलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला: "दोन टर्मिनलांमधे अंतर किती?" मग मुलगा तिकडून नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवतो, चार-पाच किलोमीटर, पंधरा-वीस मिनिटं, आणि बाबा निर्धास्त होतात.

तसं होऊ नये म्हणून हा लेख. विमान गाठता येईल की नाही, हे किलोमीटरवर फारसं ठरत नाही. ते ठरतं दोन गोष्टींवर. मधल्या विमानतळावर तुम्ही सुरक्षा तपासणीच्या आतच राहणार आहात, की बाहेर येऊन पुन्हा आत शिरणार आहात? आणि तुमची बॅग आपली आपण पुढे जाणार आहे, की तुम्हाला पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यायची आहे? ही दोन उत्तरं मिळाली की बाकीचं सगळं बस, ट्रेन आणि पायपिटीचं गणित.

आधी "आत" आणि "बाहेर" म्हणजे काय ते पाहू. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर सीआयएसएफचा जवान दारात तिकीट आणि ओळखपत्र बघतो, पुढे काउंटरवर बॅग जाते, मग अंगझडती होते. त्या झडतीच्या पलीकडे जे आहे ते "आत". तिथे फक्त तपासलेली माणसं आणि तपासलेलं सामान असतं. परदेशी जायचं असेल तर इमिग्रेशनचा शिक्का ही त्याच्याही आतली एक रेघ. मोठ्या विमानतळांवर काही टर्मिनलं एकमेकांना आतल्या बाजूनं जोडलेली असतात, काही नसतात. जोडलेली असतील तर पाच किलोमीटरही फारसे जाणवत नाहीत. नसतील तर शेजारी-शेजारी असलेल्या दोन इमारतींतही दोन तास जाऊ शकतात, कारण दारावरचं तिकीट, काउंटर, झडती, सगळं पहिल्यापासून.

एक तिकीट की दोन?

आत राहायचं की बाहेर यायचं, हे बहुतेक वेळा तिकीट काढतानाच ठरून गेलेलं असतं. इंदूर–दिल्ली–लंडन हा सगळा प्रवास एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर असेल, तर विमान कंपनी तुम्हाला लंडनपर्यंत पोचवायला बांधील आहे. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर पुढच्या विमानात जागा करून देणं त्यांचं काम. बॅग इंदूरलाच लंडनपर्यंत टॅग होते. दोन्ही बोर्डिंग पास बहुधा इंदूरच्या काउंटरवरच हातात मिळतात.

आता त्याच प्रवासाची दोन वेगळी तिकिटं काढली, इंदूर–दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली–लंडन दुसऱ्या कंपनीचं, की चित्र पार बदलतं. दुसऱ्या कंपनीला तुमच्या इंदूरच्या विमानाशी देणंघेणं नाही. तुम्ही वेळेवर काउंटरवर आला नाहीत, तर त्यांच्या दप्तरी तुम्ही आलाच नाहीत, विषय संपला. तिकीट विकणाऱ्या काही वेबसाइट आपणहून अशी दोन तिकिटं शिवून एकच प्रवास असल्यासारखी दाखवतात. बारीक अक्षरात "सेल्फ ट्रान्सफर" लिहिलेलं असतं. चार-पाच हजार रुपये वाचतात म्हणून हा सौदा गोड वाटतो. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघालेल्या साठीच्या पुढच्या आईवडिलांसाठी हे असं तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काढलंच तर मधे सहा तास ठेवा, किंवा सरळ आदल्या रात्री अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबईला जा, नातेवाइकाकडे अंघोळ-जेवण करा आणि ताजेतवाने विमानतळावर पोचा.

अवंतिकेवरून एक धोक्याची सूचना. एकाच तिकिटावर इंदूर–मुंबई–फ्रँकफर्ट असेल आणि तुम्ही म्हणालात, "मुंबईत लग्न आहे, आम्ही आधीच गाडीनं जातो, विमानात मुंबईहून चढू", तर असं करता येत नाही. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीच्या तिकिटासकट. बेत बदलला असेल तर आधी कंपनीकडून तिकीट बदलून घ्या.

वेळेचं गणित

विमान कंपन्यांची एक भाषा आहे: मिनिमम कनेक्टिंग टाइम. अमुक विमानतळावर, अमुक टर्मिनलहून तमुक टर्मिनलला जायला कमीत कमी एवढी मिनिटं धरलीच पाहिजेत, असा तो आकडा. याच्या खालचं तिकीट एका बुकिंगवर विकलंच जात नाही. व्हिएन्नाचा आकडा २५ मिनिटं, फ्रँकफर्टचा ४५. आखीव विमानतळाला हे परवडतं. देशांतर्गत विमानातून आंतरराष्ट्रीय विमानात जाताना आणि टर्मिनल बदलताना हा आकडा वाढतो. पण लक्षात घ्या, हा "जमू शकेल" याचा आकडा आहे, "आरामात जमेल" याचा नाही.

दुसरं म्हणजे तिकिटावरची येण्याची वेळ ही विमान जागेवर येऊन थांबण्याची असते, तुम्ही विमानातून उतरण्याची नाही. आणि सुटण्याची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची. गेट त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच बंद होतं, सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी, काही ठिकाणी त्याहून लवकर. म्हणजे मधल्या वेळाची दोन्ही टोकं कुरतडलेलीच असतात.

एक उदाहरण घेऊ. दोन वेगळी तिकिटं आहेत. इंदूरचं विमान मुंबईत टर्मिनल १ वर रात्री आठला येतं, परदेशी विमान टर्मिनल २ वरून साडेअकराला. साडेतीन तास! घरी सगळ्यांना वाटतं, तिथे बसून काय करणार एवढा वेळ. आता मोजा. विमान लांबच्या जागी उभं राहिलं, बसनं आणलं: सव्वाआठ. पट्ट्यावर बॅगा आल्या: पावणेनऊ. बाहेर येऊन टॅक्सी किंवा बस मिळून टर्मिनल २ ला पोचायला नऊ पंचवीस. दारावरची रांग, नऊ पस्तीस. चेक-इनची रांग, जी रात्री याच वेळी सगळ्यांत लांब असते: सव्वादहा. काउंटर बंद होतो साडेदहाला. हातात उरली १५ मिनिटं, आणि हे इंदूरचं विमान अगदी वेळेवर आलं असं धरून. ते पाऊण तास उशिरा आलं तर?

एकाच तिकिटावर यातला पट्टा जातो, चेक-इनची रांग जाते, आणि तेवढीच सत्तर मिनिटं मोकळी होतात. रस्ता तोच, किलोमीटर तेवढेच.

तारखेचंही बघा. भारतातून पश्चिमेकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १४ तारखेचं ००:४० म्हणजे १३ च्या रात्रीचं जेवण झाल्यावर निघायचं विमान. इंदूर–मुंबईचं तिकीट वेगळं काढणारे १४ च्या संध्याकाळचं काढून बसतात, हे दर वर्षी कुणाच्या तरी घरी घडतंच.

मुंबई आणि दिल्ली

मुंबईत सगळी आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून, म्हणजे सहार बाजूनं सुटतात. २०१४ साली सुरू झालेली ती खांबांची भव्य इमारत हीच. देशांतर्गत विमानं कंपनीप्रमाणे दोन्हीकडे विभागली आहेत आणि ही विभागणी बदलत राहते. इंदूरहून येणारं तुमचं विमान टर्मिनल २ वरच उतरत असेल तर अर्धी लढाई जिंकली. तिकीट काढताना वेळेइतकंच हेही बघावं. टर्मिनल १ वर उतरत असेल तर जोडप्रवासाचं तिकीट असलेल्यांसाठी विमानतळाची बस असते. बाहेर पडण्याआधी ट्रान्सफर काउंटरवर विचारा. दोन वेगळी तिकिटं असणाऱ्यांना टॅक्सी, रिक्षा, आणि २०२४ पासून भुयारी मेट्रोसुद्धा. मेट्रो ३ वर दोन्ही टर्मिनलांना स्टेशन आहे आणि मधे फक्त सहार रोड. पावसात रस्ता तुंबला असताना ही मेट्रो फार कामाची, फक्त मोठ्या चार बॅगा घेऊन एकट्यानं उतरू नये.

आता मुंबईला दुसरा विमानतळही झाला आहे. नवी मुंबईचं उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि त्याच डिसेंबरात विमानं उडू लागली. तिकिटावर जुन्या मुंबईचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. एका कोडवर उतरून दुसऱ्यावरून सुटणारं तिकीट असेल तर ते टर्मिनल बदलणं नव्हे. मधे पस्तीस-चाळीस किलोमीटरची मुंबई आहे. दिल्लीजवळचं हिंडन, लंडनचं गॅटविक, न्यूयॉर्कजवळचं न्यूअर्क, यांचंही तसंच. इंदूरची आखातातली थेट सेवा कधी दुबईची तर कधी शारजाची राहिली आहे, आणि शारजाला उतरून दुबईहून पुढे उडायचं म्हटलं तर अमिरातीचा व्हिसा घेऊन चक्क देशात प्रवेश करावा लागतो.

दिल्लीत टर्मिनल ३ म्हणजे आंतरराष्ट्रीय, पण तिथे देशांतर्गत विमानंही भरपूर येतात. इंदूरचं विमान तिथेच उतरलं आणि तिकीट एकच असलं, तर ट्रान्सफरच्या पाट्या धरून आतूनच इमिग्रेशनला जाता येतं. दिल्लीमार्गे याहून सोपा जोड नाही. टर्मिनल २ त्याच्या शेजारी, चालत जाण्याजोगं. टर्मिनल १ मात्र विमानतळाच्या दुसऱ्या अंगाला. शटल बस आहे, टॅक्सी आहे. रस्ता रिकामा असेल तर वीस-पंचवीस मिनिटं, पण रिकामा असेल तर. मेट्रोच्या भानगडीत पडू नका, दोन्ही टर्मिनलं वेगवेगळ्या मार्गांवर आहेत आणि मोठा वळसा पडतो.

ऋतूही बघावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटेपासून धुकं असतं आणि इंदूरहून सकाळी निघणारं विमान इंदूरलाच रोखून धरतात. तेव्हा मी मुंबई किंवा बेंगळुरूमार्गे तिकीट बघेन. जुलैत उलट. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. पाऊस जोरात असला की विमानं वर घिरट्या घालत राहतात. त्या दिवसांत दोन तासांचा जोड मला पटत नाही.

टॅग वाचायला शिका

इंदूरच्या काउंटरवर बॅगेला जी लांब कागदी पट्टी लावतात, तिच्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत तीन अक्षरं असतात. तो बॅगेचा शेवटचा मुक्काम. फ्रँकफर्टला जाताना तिथे एफआरए हवं, आणि मधला बीओएम बारीक अक्षरांत. मोठ्या अक्षरांत बीओएम दिसलं तर बॅग मुंबईत पट्ट्यावर येणार, तुम्ही फ्रँकफर्टला गेलात तरी. पट्टीवर दहा आकडी नंबरही असतो. त्यातले दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा विमान कंपनीचे: एअर इंडिया ०९८, इंडिगो ३१२. त्याचा छोटा तुकडा बोर्डिंग पासच्या किंवा पासपोर्टच्या मागे चिकटवून देतात. तो फेकू नका, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॅग हरवली तर तोच तुमचा पुरावा.

काउंटर सोडण्याआधी एकच वाक्य विचारायचं: "बॅग कुठपर्यंत टॅग केलीत?" लाजायचं नाही. मागची रांग खोळंबली तर खोळंबू द्या.

पलीकडच्या देशात

लंडनच्या हीथ्रोवर आज टर्मिनल २, ३, ४ आणि ५ अशी चार चालू आहेत. १ नंबरचं २०१५ मध्येच बंद झालं. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवर असेल तर जांभळ्या रंगाच्या "फ्लाइट कनेक्शन्स" पाट्यांमागे जायचं, आतल्या आत बस मिळते, आणि तिथे पुन्हा झडती होते. खरा प्रश्न व्हिसाचा. भारतीय पासपोर्टवर आतल्या आत विमान बदलायलाही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल तर बहुधा सूट मिळते. आणि दोन वेगळी तिकिटं असून बॅग उचलायला बाहेर यावं लागलं, तर आतल्या ट्रान्झिट व्हिसानं भागत नाही, ब्रिटनमध्ये प्रवेशाचा व्हिसा लागतो. स्वस्तातलं तिकीट घेणाऱ्यांची इथे मोठी फसगत होते: इंदूरच्या काउंटरवर कुणी अडवत नाही, कारण ते तिकीट मुंबईपर्यंतच असतं, आणि मुंबईच्या काउंटरवर मात्र विमानात चढूच देत नाहीत.

फ्रँकफर्टला टर्मिनलांमधे स्कायलाइन ही छोटी ट्रेन धावते. तिथून पुढे युरोपातच, समजा स्टॉकहोमला, जायचं असेल तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, कारण शेंगेन देशांचं, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचं, दार एकच. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं त्या दारावर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी पद्धत सुरू केली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याचा त्यात वेळ जातो. पाऊण तासाचा जोड नको.

दुबईत टर्मिनल १ आणि ३ आतून जोडलेली आहेत, २ धावपट्टीच्या पलीकडे. तिकिटावर एका कंपनीचा नंबर आणि खाली "ऑपरेटेड बाय" म्हणून दुसरीचं नाव असेल, तर टर्मिनल त्या दुसऱ्या कंपनीचं धरायचं. हे कुठल्याही विमानतळाला लागू आहे, पण दुबईत लोक हमखास चुकतात. आणि दुबईवरून जाणार असाल तर अनारसे घरीच ठेवा. खसखस तिथे अमली पदार्थांच्या यादीत आहे. बॅग सरळ पुढे जाणार असली तरी ती जोखीम कशाला?

अमेरिकेचं तर्कट निराळंच. तिथे "आतून पुढे" हा प्रकारच जवळजवळ नाही. पहिल्या अमेरिकन विमानतळावर इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅग उचलणं, कस्टम, आणि कस्टमच्या पुढेच असलेल्या काउंटरवर बॅग पुन्हा सोपवणं. टॅगवर शेवटच्या गावाचं नाव असलं तरीही. शिकागोला एअर इंडिया टर्मिनल ५ वर उतरवते. पुढचं देशांतर्गत विमान १, २ किंवा ३ वरून असेल तर ट्रेननं तिकडे जायचं आणि तिथे पुन्हा झडती. म्हणून ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली बॅग सोपवण्याआधीच तिच्यात टाकायची, नाहीतर पुढच्या झडतीत ती गेलीच समजा. सगळं वेळेवर असलं तरी तीन तास धरा. आणि अमेरिकेतून नुसतं विमान बदलून कॅनडा किंवा मेक्सिकोला जायलाही भारतीयांना अमेरिकेचा व्हिसा लागतो.

परत येताना

परतीला भारताचा नियमही जवळपास असाच. सर्वसाधारणपणे पहिल्या भारतीय विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅग घ्यायची, कस्टममधून काढायची आणि इंदूरच्या विमानासाठी पुन्हा सोपवायची. टॅगवर आयडीआर, म्हणजे इंदूरचा कोड, बघून "बॅग घरी येईलच" म्हणून लोक सरळ पुढे जातात, आणि दुसऱ्या दिवशी फोनाफोनी सुरू होते. पट्ट्यापाशी थांबा. टर्मिनल तेच असेल तर कस्टमनंतर बाहेरच्या दाराआधीच देशांतर्गत ट्रान्सफरचा काउंटर असतो. गर्दीबरोबर वाहत बाहेर पडलात तर पुन्हा सगळी दारं.

सरकारची एक चांगली सोय बऱ्याच जणांना माहीत नाही. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना आधी ऑनलाइन नोंदणी करून इमिग्रेशनच्या स्वयंचलित दारातून जाता येतं. जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाली, नंतर मुंबईसह आणखी काही विमानतळांवर आली. चेहरा दाखवून आत शिरायची डिजियात्रा वेगळी, ती देशांतर्गत प्रवासाची.

वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर मागून घ्यावी असं सर्रास सांगतात. गुडघे खरंच दुखत असतील, इंग्रजीची भीती असेल तर जरूर घ्या. मदतनीस बरोबर असतो, टर्मिनल बदलणं त्याचं काम होऊन जातं. पण व्हीलचेअरवाल्यांना विमानातून शेवटी उतरवतात, आणि खुर्ची यायला कधी वीस मिनिटंही लागतात. जोड कमी वेळाचा असेल आणि रोज सकाळी नेहरू पार्कला चार फेऱ्या मारत असाल, तर पुढची सीट घेऊन चालत गेलेलं बरं. शिवाय दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिल्या कंपनीचा मदतनीस तुम्हाला बाहेरच्या दाराशी सोडून नमस्कार करतो.

विमान सुटलंच तर

उतरल्यावर आधी मोबाइल बघा. अनेकदा कंपनीनं पुढच्या विमानात जागा दिलेली असते आणि तसा संदेश आलेला असतो. नसेल तर ट्रान्सफर डेस्कच्या रांगेत उभे राहा आणि रांगेत असतानाच कस्टमर केअरला फोन लावा, जे आधी लागेल ते. त्यांनी पुढचं विमान काय दिलं, ते कुठल्या टर्मिनलवरून आहे आणि बॅग त्याला जोडली का, हे तिन्ही विचारा. बॅगेचं विचारायचं राहून जातं. जेवणाची, मुक्कामाची सोय मागा. युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या विमानांना, आणि तिकडे जाणाऱ्या युरोपीय कंपन्यांच्या विमानांना २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू आहे: एकाच बुकिंगवर शेवटच्या मुक्कामी तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं, तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. त्यासाठी जुने बोर्डिंग पास जपून ठेवा.

परदेशात रात्र काढायची वेळ आली आणि त्या देशाचा व्हिसा नसेल, तर हॉटेल मिळूनही बाहेर पडता येत नाही. टर्मिनलमध्येच थांबावं लागतं, आणि बॅग रात्रभर विमानतळाच्या ताब्यात राहते. म्हणून दोन दिवसांची औषधं, चार्जर, कपड्यांचा एक जोड आणि मुलीचा पत्ता-फोन कागदावर लिहिलेला, हे सगळं हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही तिथेच, ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. शेवेचं पाकीट कुठेही ठेवा.